न फाटणारं विमान

अकोल्याच्या जठारपेठेत आमच्या बाजूला गादीची दुकानं तीन. दोघांकडे सकाळी कापूस दिला की संध्याकाळी गादी घरी येते. तिसरं कुर्बानभाईंचं ‘बसरा गादी भांडार’. तिथे चार दिवस लागतात. घाई केली की कुर्बानभाई शांतपणे म्हणतात, "गाठ बसून राहिली, बाई." बसायला ती गाठ काय कोंबडी आहे?

मी एकेचाळीस वर्षं मुलींच्या शाळेत शिवण शिकवलं. ‘उसव’ हा माझा आवडता शब्द. वाकडा टाका दिसला की माझं डोकं फिरतं, मग तो ऐन लग्नात नवरीच्या ब्लाउजला का असेना. कुर्बानभाईंचं दुकान बरोबर माझ्या घरासमोर आहे आणि इतक्या वर्षांत मला त्यांच्या कामात एक चूक काढता आलेली नाही, याचा मला थोडा रागच आहे. दोऱ्याला मेण, दर चार बोटांवर एक गाठ, त्या गाठीवर पुन्हा एक गाठ. एकदा मी विचारलं, "कुर्बानभाई, एवढं कायले? गादी काय उडून जाणार हाये?"

त्यांनी मला स्टूल दिलं, चहा मागवला, आणि मी फसले.

त्यांचे परदादा गुलफाम म्हणे पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या फौजेबरोबर इराकातल्या बसऱ्याला, म्हणजे तेव्हाच्या मेसोपोटेमियात, गेले होते. बंदूक घेऊन नव्हे, सुई घेऊन. तेव्हाची विमानं म्हणजे लाकडाचा सांगाडा, तारा आणि वरून ताणून शिवलेलं कापड. गोळ्या लागून पंख फाटला की दर्जी बसायचे दुरुस्तीला. गुलफाम त्यातले एक. दर चार बोटांवर दुहेरी गाठ ही तिथली, आणि त्यांनी शिवलेला एकही पंख म्हणे कधी फाटला नाही. परत आल्यावर त्यांनी गाद्या शिवायला घेतल्या, पण गाठ तीच ठेवली, आणि घरातल्या प्रत्येक मुलाला ती आल्याशिवाय सुई हातात दिली नाही. पुरावा म्हणून कुर्बानभाई गल्ल्यातून एक पितळी काडतूस काढतात. आतून पोकळ, वर लाकडी बूच, आत वाकडी सुई. बाहेरून कानशीने कोरलेलं खजुराचं झाड आणि दुहेरी पंखांचं एक विमान. विमान थोडं माशीसारखं दिसतं, पण रिकाम्या वेळात छावणीत बसून कोरलेल्या विमानाकडून आणखी काय अपेक्षा करायची?

आमच्या गल्लीने या गोष्टीवर कधीच विश्वास ठेवला नाही. वामनराव तर त्यात आघाडीवर. त्यांची मूर्तिजापूरच्या अलीकडे बारा एकर काळी जमीन. शेत मुलगा पाहतो, आणि हे रोज सकाळी कुर्बानभाईंच्या ओट्यावर बसून फुकट पेपर वाचतात. वर त्यांचीच खेचतात.

"दर्जीनं शिवलेलं विमान!" वामनराव म्हणायचे. "मंग पायलटले मापं द्याले बलावत असतीन. छाती किती, कंबर किती."

"पंखाचं माप घेत होते, वामनराव."

"आन् हे काडतूस? असे भंगारात किलोनं भेटतात."

गल्ली हसायची. कुर्बानभाईही हसायचे, पण काडतूस पुसून परत ठेवताना त्यांचा हात जरा जास्त वेळ चालायचा. चाळीस वर्षं हेच. मी हसत नव्हते, एवढंच माझ्या बाजूने सांगता येईल. विश्वास मात्र मीही ठेवला नव्हता. माणूस टाका चांगला घालतो म्हणून त्याची गोष्ट खरी असते असं थोडंच आहे.

मग या एप्रिलमध्ये स्वप्निल उगवला. माझी एक विद्यार्थिनी आचल, अमरावतीला दिलेली, तिचा हा मुलगा. सहा वर्षं पुण्यात राहून सिनेमा शिकला आणि सोबत पुण्याची भाषाही घेऊन आला. "मावशी, मी पहिल्या महायुद्धावर लघुपट करतोय," तो म्हणाला. मेसोपोटेमियाच्या वाळवंटात एक विमान कोसळतं, जखमी वैमानिक फाटक्या पंखावरून खाली पडतो, अशी काहीतरी गोष्ट. वाळवंट कुठून आणणार, असं मी विचारलं. तर म्हणाला, वऱ्हाडातला एप्रिल पुरेसा आहे, फक्त जमीन काळी आहे, तिच्यावर दोन ट्रक वाळू टाकू. विमानाचा सांगाडाही तयार होता. अमरावतीत गणपतीचे देखावे करणाऱ्या गोवर्धन नावाच्या माणसाने बांबू आणि प्लायवूडचा बनवला होता. अडलं होतं पंखाच्या कापडाशी. गोवर्धनने कापड खिळ्यांनी ठोकलं होतं आणि ते वाऱ्यावर धोतरासारखं फडफडत होतं.

मी स्वप्निलला हाताला धरून रस्ता ओलांडला.

कुर्बानभाईंनी पंखाचा फोटो पाहिला. दोन्ही हातांनी मोबाइल धरला. मग गल्ल्यातून काडतूस काढलं, आणि ते काही बोलायच्या आतच स्वप्निल ओरडला, "अरे, हे तर खरं आहे! अशा वस्तू मी संग्रहालयांच्या पुस्तकांत पाहिल्या आहेत. सैनिक करायचे!"

वामनरावांनी पेपर खाली केला. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी ते काडतूस हातात घेऊन उलटसुलट फिरवून पाहिलं. ते बघायला मला फार बरं वाटलं.

कुर्बानभाईंनी एकच गोष्ट मागितली. सिनेमाच्या शेवटी नावं येतात, त्यात गुलफाम हे नाव यायला हवं. "आमचं कोनाचंच नको. त्याहिचं यावं. एकडाव पडद्यावर आलं का मंग जठारपेठेत कोनी हसनार नाही."

"नक्की, काका," स्वप्निल म्हणाला. "फक्त एक ध्यानात ठेवा. पंख एकदाच लागणार आहे. एकच सीन, एकच संधी."

हे वाक्य त्याने दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर चाललं असतं. गादीवाल्याला सांगायला नको होतं. एकदाच वापरायचा म्हणजे कसाही चालेल, असं सिनेमावाले समजतात. एकच संधी म्हणजे जराही कच्चं राहता कामा नये, असं कुर्बानभाई समजले.

आठ दिवस दुकान बंद. मांजरपाटाचे दोन थर, त्यावर चिंचोक्याची खळ, ती वाळली की पुन्हा खळ. नसीमबानो, म्हणजे त्यांची बायको, माझ्याकडे येऊन सांगायची, "बाई, घरात पाय ठेवाले जागा नाही. पंख बैठकीत, आन् आमी स्वयंपाकघरात झोपून राहिलो. मी बोलली का हे म्हणते, हळू बोल, गाठ बसून राहिली." आठव्या दिवशी मी पंखावर बोटाने टिचकी मारली. ढोलकीसारखा आवाज आला. मी टाके मोजले, अंतर मोजलं, चूक शोधली. नव्हती.

शूटिंग वामनरावांच्या शेतात. त्यांनीच जागा दिली होती, आणि बदल्यात दिवसभर खुर्ची टाकून बघायचा हक्क मिळवला होता. सकाळी दहालाच ऊन डोक्यात जायला लागलं. काळ्या जमिनीवर पसरलेली वाळू, तिच्यात नाक खुपसलेलं विमान, एका बाजूला उंच उठलेला आमचा पंख, पंखाखाली वाळूत पुरलेल्या कुर्बानभाईंच्याच चार गाद्या. वैमानिक होता अंकुर, वरूडच्या संत्रा व्यापाऱ्याचा मुलगा. गोरा असल्यामुळे आणि उंचावरून पडायची हौस असल्यामुळे त्याची निवड झाली होती. चामड्याची टोपी आणि गॉगल चढवून तो कुल्फी खात होता.

"अॅक्शन!"

अंकुर लंगडत पंखावर चढला. पंख फाटायला हवा होता. फाटला नाही. अंकुर जोरात पाय आपटत पुढे गेला. काही नाही. त्याने उडी मारली. पंखाने त्याला अलगद वर उडवलं आणि परत झेललं. दुसऱ्या उडीला तो हसायला लागला.

"कट! अरे, तू मरतोयस, हसतो काय?"

"सर, मजा येऊन राहिली," अंकुर म्हणाला.

मग लाइट धरणारा जाडा चंदन चढला. पंख जरा वाकला, एवढंच. मग दोघं मिळून चढले. वामनराव खुर्चीवरून म्हणाले, "मीबी येऊ काय?" आणि खरंच जाऊन चढले. तीन माणसं पंखावर उभी, खाली कॅमेरा चालू, आणि कापड ढिम्म. कुर्बानभाई बाजूला उभे होते आणि त्यांचा चेहरा मी आजवर पाहिला नव्हता इतका खुलला होता. "पाहा वामनराव," ते म्हणाले, "असा व्हता बसऱ्याचा टाका!"

"अहो पण फाटायला पाहिजे!" स्वप्निल कपाळ धरून म्हणाला. तासाभराने त्याचं पुणं पूर्ण उतरलं. "काका, काऊन असं करून राहिले तुमी? मले फाटका पंख पायजे! हा पंख नाही फाटला त माहा सिनेमाच नाही होत! चार वाजता कॅमेरा वापस द्याचा हाये, उद्या भेटत नाही!"

"ब्लेड मारा की," चंदन म्हणाला.

"ब्लेडनं कापलेलं सरळ दिसते पडद्यावर. टाकेच सुटाले पायजे." स्वप्निल कुर्बानभाईंसमोर येऊन उभा राहिला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "काका, मधली शिवण उसवून द्या. वरून कच्चा धागा टाका. नाहीतर नाव कशाचं देऊ मी शेवटी? सिनेमाच नसला तर?"

पंख उतरवून शेताच्या बांधावर कडुनिंबाखाली आणला गेला. कात्री माझ्या पर्समध्ये असतेच. मी ती पुढे केली. त्यांनी घेतली आणि नुसतेच बसले.

"तुमाले होत नसन तर मी उसवते," मी म्हणाले. "आयुष्यभर तेच केलं मी."

"नाही बाई. ज्यानं घातला त्यानंच काढाले पायजे." त्यांनी पहिली गाठ कापली. मग दुसरी. मग न बघताच बोलायला लागले. "गल्लीत मी सांगतो ना, परदादाचा एकबी पंख फाटला नाही म्हनून. एक फाटला होता."

मी पंखाचं टोक ताणून धरलं, म्हणजे कात्री नीट चालेल.

"एकाच दिवशी चार विमानं आली होती दुरुस्तीले. साहेब घाई करून राहिला. परदादानं एक गाठ घातली, वरची नाही घातली. खळ वाळाले वेळ नव्हता. सकाळी एक गोरा पोरगा घेऊन गेला ते विमान. वीस वर्षांचा असन. रोज परदादाले सलाम करे, बिस्कुट देत जाय." तिसरी गाठ. "वर गेल्यावर कापड उसवलं. सगळ्याहीनं खालून पाह्यलं. कोनी परदादाले काही म्हटलं नाही. लढाईत कोन विचारते, गोळीनं फाटलं का टाक्यानं. याहिले मात्र माहीत होतं. त्याच्यानंतर ते दुहेरी गाठ घालाले लागले. अब्बानं मले मरताना सांगितलं. मी कोनाले सांगितलं नाही. नसीमलेबी नाही."

"काऊन नाही सांगितलं?"

"बाई, लोक खऱ्या गोष्टीवरच हसतात. हे सांगितलं असतं त याच्यावरबी हसले असते."

मला रडू येईल असं वाटलं आणि त्याचा मला राग आला, म्हणून मी पर्समधली दुसरी, छोटी कात्री काढून पलीकडच्या टोकाकडून गाठी कापायला घेतल्या. मुलींना हजारदा उसवायला लावलं असेल मी, पण चांगला टाका उसवताना हात एवढा जड होतो हे मला कुणी शिकवलं नव्हतं. शेवटी वरून कच्चा धागा घातला. तोही बिचाऱ्यांनी सरळ रेषेत घातला.

साडेतीन वाजता पंख पुन्हा चढला. "अॅक्शन!" अंकुर लंगडत वर आला, दोन पावलं टाकली, आणि शिवण सुटली. सगळी एकदम नाही. टाक्यामागून टाका, तडतड आवाज करत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कापड उघडलं आणि अंकुर त्यातून खाली वाळूत पडला. डोळे मिटून, एक हात पसरून, अगदी सांगितल्यासारखा.

आणि कॅमेऱ्यासमोरून कुर्बानभाई धावले.

साठीचा माणूस, पांढरा कुर्ता, डोक्यावर टोपी, हातात माझी कात्री. वाळूत पाय रुतत होते तरी धावले. अंकुरशेजारी गुडघ्यांवर पडले, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि ओरडून म्हणाले, "बेटा, माफ कर रे! टाका माह्या हातचा होता! माफ कर!"

अंकुरने एक डोळा उघडला. "काका," तो हळूच म्हणाला, "मले काही नाही झालं. कात्री बाजूले घ्या."

"कट!" म्हणायला स्वप्निल विसरला. आठवलं तेव्हा तो जे बोलला ते त्याच्या आईने मला शिवणाच्या वर्गात कधी ऐकवलं नव्हतं. पंख फाटला होता, बांबू मोडला होता, कॅमेऱ्याची वेळ संपली होती, आणि सीनमध्ये एक गादीवाला घुसला होता. कुर्बानभाई सगळ्यांची माफी मागत होते. वामनराव पोट धरून हसत होते. "अजी, गादीवर पडला थो! तुमच्याच गादीवर! त्याले काय होते?" त्या दिवशी परत येताना गाडीत कुर्बानभाई खिडकीबाहेर बघत राहिले आणि म्हणाले, "गेलं बाई. नाव गेलं."

दोन महिन्यांनी स्वप्निलचा फोन आला. आवाज पुण्याचा होता, म्हणजे तो खूश होता. "मावशी, तो शॉट मी ठेवलाय. दुसरं काही नव्हतंच माझ्याकडे. पण बघितला तर सबंध सिनेमात तेवढंच खरं दिसतंय. काकांना विचारा, त्या पात्राला त्यांच्या परदादांचं नाव देऊ का?"

कुर्बानभाईंनी मला हे तीनदा सांगायला लावलं.

अमरावतीत एका लघुपट महोत्सवात दुपारी दोनचा खेळ होता. अर्धी गल्ली रेल्वेने बडनेऱ्याला उतरून गेली. नसीमबानोने सगळ्यांसाठी डबे घेतले होते. कुर्बानभाई नवा कुर्ता घालून पुढून चौथ्या रांगेत बसले, मी शेजारी, आणि आमच्या मागे वामनराव. पडद्यावर आमचं काळं शेत खरोखरच वाळवंट झालं होतं. पंख फाटला. एक म्हातारा दर्जी वाळूतून धावत आला आणि वैमानिकाला मांडीवर घेऊन रडला. आवाज काढून टाकला होता, नुसता वारा होता. मग अक्षरं वर सरकायला लागली. वैमानिक, अंकुर. आणि त्याच्याखाली: गुलफाम दर्जी, कुर्बान शेख.

नसीमबानोने पदराला डोळे पुसले. आमची गल्ली टाळ्या वाजवायला लागली. दिवे लागले, आणि मागून वामनराव पुढे झुकून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मानलं कुर्बानभाई! गेलते तुमचे परदादा बसऱ्याले, पडद्यावर पाह्यलं आता. पन टाका कच्चा होता त्याहिचा!"

सगळे हसले. चाळीस वर्षं वाट बघून कुर्बानभाई ज्या नावासाठी आले होते ते नाव मिळालं, आणि त्याच्याखाली फाटलेला पंख मिळाला. माझं डोकं फिरलं. मी उभी राहिले. "टाका पक्का होता, वामनराव," मी म्हणाले. "मी सोता उसवला माह्या कात्रीनं. तुमी त्याच पंखावर उभे होते, तीन मानसं, इसरले काय?"

कुर्बानभाईंनी माझा हात धरून मला खाली बसवलं. मग मागे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर ते नेहमीचं हसू नव्हतं.

"बाई माह्यासाठी बोलून राहिल्या," ते म्हणाले. "पन तुमी बरोबर हाये, वामनराव. त्याहिचा एक टाका कच्चा राह्यला होता. एकच. त्याच्यात एक पोरगा गेला."

हसणं थांबलं. डबे उघडणारे हात थांबले. नसीमबानो नवऱ्याकडे बघत राहिली. मी वामनरावांच्या तोंडाकडे बघत होते, आता काय फेकतात म्हणून, आणि फेकलं असतं तर मी काय केलं असतं ते मला सांगता येत नाही.

वामनरावांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली. खुर्ची अलीकडे ओढायला गेले, तर सभागृहाची खुर्ची, ती हलेना. मग ते उठून पुढच्या रांगेत आले आणि कुर्बानभाईंच्या पलीकडच्या जागेवर बसले.

"नाव काय होतं त्या पोराचं?" त्यांनी विचारलं.

चाळीस वर्षं आम्ही सगळे ती गोष्ट ऐकत होतो. त्यात कुणी असा प्रश्न विचारला नव्हता. मीसुद्धा नाही.

"नाव परदादाले माहीत नव्हतं," कुर्बानभाई म्हणाले. "ते त्याले बेटाच म्हणत." आणि मग त्यांनी अगदी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. पुढच्या सिनेमाचे लोक आत आले, आम्हाला उठा म्हणाले, आणि वामनराव त्यांच्यावर खेकसले, "थांबा ना बे, मानूस बोलून राहिला."